डाव्या हाताचं बोट

"डावा हात," मी म्हटलं.

समोरच्या बाईनं उजवा पुढं केला. सकाळपासून बहुतेक बायका उजवाच पुढं करत होत्या. देवळात प्रसाद घ्यायला करतात तसा, ओंजळीसारखा.

"डावा, ताई. अंगठ्याशेजारचं बोट."

तिनं हात बदलला आणि नेमकी तेव्हाच भिंतीपलीकडून जुई रडायला लागली.

जुई तेव्हा पाच महिन्यांची होती. तिला घेऊन सासूबाई शेजारच्या वर्गात बसल्या होत्या. निवडणुकीच्या ड्यूटीतून नाव काढा म्हणून मी अर्ज दिला होता, पण तहसीलमधल्या माणसानं तो न वाचताच बाजूला सरकवला. "मॅडम, लेकरं सगळ्यांनाच आहेत." मग सासूबाईंनीच पिशवी भरली. म्हणाल्या, "तू मतं घे, मी लेकरू घेते. कवडदरा काय लंका आहे का?"

कवडदरा लंका नव्हतं, पण ग्रामपंचायतीची निवडणूक तिथं लंकेतल्या युद्धापेक्षा कमी नव्हती. एका बाजूला कपबशी, दुसऱ्या बाजूला छत्री. अर्धं गाव ऊस तोडायला कारखान्यांवर गेलेलं, आणि उरलेलं अर्धं आमच्या दारात रांगेत उभं. आमचे केंद्राध्यक्ष वाघचौरे सर हायस्कुलात गणित शिकवायचे. आदल्या संध्याकाळी आम्ही पोचलो तेव्हा दोन्ही पार्ट्यांकडून चहाच्या किटल्या आल्या. सरांनी दोन्ही परत पाठवल्या. वर आम्हाला बजावलं, "गावाचा घोटभर चहासुद्धा प्यायचा नाही. बाटलीतलं पाणी प्या आणि घरचा डबा खा."

तर जुई रडत होती. बाटलीतलं दूध ती तोंडातून बाहेर ढकलतेय, हे मला त्या रडण्यातूनच कळत होतं. माझ्या पदराखाली ओल पसरायला लागली.

"सर, पाच मिनिटं जाऊन येऊ?"

सर तेव्हा एका आंधळ्या आजोबांना घेऊन उभे होते. आजोबांच्या सोबत मशीनपाशी कोण जाणार यावरून दोन्ही पार्ट्यांचे एजंट भांडत होते. कपबशीचा भागवत म्हणत होता, मी त्यांचा पुतण्या. छत्रीचा लहू म्हणत होता, पुतण्या कसला, बांधावरून तीन वर्षं कोर्टात आहेत दोघं. आजोबा मध्येच म्हणाले, "मला नातीसंगं जायचंय. तुम्ही दोघं बी घरी जा."

"यांचं झालं की मी बसतो तुमच्या जागेवर," सर म्हणाले. "रांग थांबवू नका."

मी काडी शाईत बुडवली. लक्ष भिंतीपलीकडे होतं, त्यामुळे शाई जास्तच लागली. नखावरून ओघळून कडेनं खाली उतरली. हात लहानसा होता, कामानं राठ झालेला. अंगठ्याच्या नखाला मधोमध उभी चीर. दिवसभर मी बोटंच बघत होते. चेहरे बघायला वेळच नव्हता.

"लेकरू तुमचं?" तिनं विचारलं.

"हो."

"भुकेची रड हाय ती."

"माहितेय मला," मी म्हटलं. जरा तुटकच.

"द्वारका अशोक," पलीकडून मतदार यादी घेऊन बसलेल्या गिरींनी नाव पुन्हा वाचलं. अर्ध्या गावाचं आडनाव एकच असल्यामुळे आडनाव कुणी वाचत नव्हतं. "झालं का, मॅडम? पुढं पाठवा."

"आमच्या घरचंच मत आहे, येऊ द्या," बाकावरून भागवत म्हणाला. ती त्याची धाकटी भावजय होती. त्याचा आवाज कानावर पडताच तिनं पदर आणखी खाली ओढला.

"शाई वाळू द्या," मी म्हटलं. "लगेच कशाला हात लावू नका."

ती डावं बोट हवेत धरूनच मशीनकडे गेली. एकापाठोपाठ बटणं दाबली गेली, शेवटची लांब शिटी वाजली. बाहेर पडताना ती फाटकाकडे वळली नाही. व्हरांड्यातून उजवीकडे, जुईच्या वर्गाकडे वळली. मी पुढच्या बाईचं बोट हातात घेतलं.

थोड्या वेळानं रडणं थांबलं.

आई झालेल्या बाईला विचारा, रडणं थांबलं की जास्त भीती वाटते. मी तीन-चार बोटांना शाई लावली, ती कशी लावली देव जाणे. मग आजोबा नातीचा हात धरून बाहेर गेले आणि सर माझ्या खुर्चीशी आले. "जा. पण पळू नका, पडाल."

जुई झोपली होती. ओठांच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब. सासूबाई पाय पसरून भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी लपवल्यासारखं हसू होतं.

"बाटली घेतली तिनं?"

"बाटलीवर थुंकली ती."

"मग?"

"एक बाई आली. मत देऊन आलेली. काही विचारलं नाही, भुईवर बसली आणि उचललं हिला. मी म्हटलं, कोण गं तू, कुणाची? तर म्हणते, दूध चालतं का तेवढं सांगा, नाव नंतर." सासूबाईंनी जुईच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं. "मी काय म्हणणार, कल्याणी? लेकरानं तर विचारलंच नाही."

माझ्या सासूबाई परक्या घरी पाणी पितानासुद्धा आधी घर विचारणाऱ्यातल्या. मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"काय बघतेस? तुझं दूध काढून टाक आता, ब्लाऊज बघ कसा झालाय. आणि हे काय गं, हिच्या गालावर?"

जुईच्या डाव्या गालावर हनुवटीच्या जरा वर एक ठिपका होता. जांभळट. सकाळी शाईच्या बाटलीचं बूच उघडताना माझ्या हाताला शाई लागली होती आणि त्यानंतर मी जुईला घेतलं होतं. "माझ्याच हाताची असेल," मी म्हटलं. सासूबाईंनी खोबरेल लावून घासलं. तो हलला नाही.

"पोरीला आत्ताच मतदार केलंस," त्या म्हणाल्या.

दुपारी रांग पातळ झाली. ऊन व्हरांड्यातून आत आलं. भागवत बाकावर डुलक्या काढत होता, लहू मोबाइलमध्ये होता. मला सारखं त्या बाईकडे जाऊन काहीतरी बोलावंसं वाटत होतं. तिचं घर विचारायचं, जाताना उभ्या उभ्या भेटायचं. पण कुणाकडं विचारणार? एजंटाच्या घरची बाई, आणि सरांनी चहा परत पाठवलेला. सरांना कळलं तर काय म्हणतील, हाही विचार होताच. आम्ही गावाचं पाणी प्यायलो नव्हतो, आणि माझी मुलगी गावाचं दूध पिऊन झोपली होती.

मग एकदम सात-आठ बायकांचा घोळका आला. रांगेत उभा राहिला. पहिली आत आली. पदर नाकापर्यंत. गिरींनी तिच्या हातातली चिठ्ठी आणि ओळखपत्राची झेरॉक्स घेतली. झेरॉक्समध्ये चेहरा म्हणजे काळा डाग होता.

"कालिंदा रमेश," गिरींनी वाचलं.

भागवतचे डोळे उघडले. "आमच्या घरचंच आहे. मोठी वहिनी."

लहूनं मान वर करून पाहिलं आणि परत खाली घातली. त्या गावात परक्या घरच्या सुनेला पदर वर कर असं कुठल्याच पुरुषानं म्हटलं नसतं. त्या बायकांचे चेहरे त्यांच्या घराबाहेर कुणाला ठाऊकच नव्हते.

ती माझ्यासमोर आली. मी डावा हात म्हणण्याआधीच तिनं डावा हात पुढं केला.

तर्जनीला चिंधी बांधलेली होती. जुन्या पिवळ्या लुगड्याची, फाडून काढलेली.

"काय झालं?"

"इळ्यानं कापलं."

आवाज इतका हळू की मला ओळखता आला नसता. पण मी दिवसभर हात बघत होते. अंगठ्याच्या नखाला मधोमध उभी चीर होती. पदराला छातीपाशी ओला डाग होता, वाळून कडा पांढऱ्या झालेल्या. तसाच माझ्याही ब्लाऊजवर होता.

ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, तर्जनी नसेल तर शेजारच्या बोटाला शाई लावा. चिंधीबद्दल कुणी विचारलं तेव्हा शिकवणारे साहेब म्हणाले होते, चिंधी दिसली की सोडून बघायची. तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

माझ्याकडे कुणीही बघत नव्हतं. सर दाराशी हवालदाराशी बोलत होते. मधल्या बोटाला एक रेघ ओढली असती की संपलं असतं. तिचं नाव कुठं आलं नसतं. भिंतीपलीकडे जुई तिच्या दुधावर गाढ झोपली होती. आणि मी काही बोलले, तर ही बाई पोलिसाच्या गाडीत बसणार होती. तिचं लेकरू कुणाकडं असेल? किती महिन्यांचं असेल? मी तर विचारलंही नव्हतं.

मी हात धरून बसले. 

मग मी म्हटलं, "चिंधी सोडावी लागेल."

मला वाटलं ती हात मागं घेईल. निदान बोट आखडेल. तिनं उलट हाताचा सगळा भार माझ्या तळव्यात टाकला.

"सोडा."

गाठ घट्ट नव्हती. झबल्याला बांधतो तशी, एक टोक ओढलं की सुटणारी. मी टोक ओढलं. चिंधी माझ्या मांडीवर पडली.

आत जखम नव्हती. ओरखडासुद्धा नव्हता. नखावर शाई होती, दाट, काळपट जांभळी. कडेनं ओघळलेली. तो ओघळ माझ्याच हातचा होता. ना चुन्यानं घासलेली, ना दगडानं. शाई जशी लावली होती तशीच होती.

मी वर पाहिलं. पदराच्या काठाखालून ती माझ्याकडेच बघत होती. त्या नजरेत भीती असेल असं मला वाटलं होतं. पण ती नजर वाट बघत असल्यासारखी होती. कशाची, ते मला कळेना.

"सर," मी म्हटलं. "शाई आहे."

आवाज फार हळू निघाला. गिरींनाही ऐकू गेला नाही.

तिचे ओठ जेमतेम हलले. "मोठ्यानं बोला, ताई."

"काय?"

"मोठ्यानं."

मला काही समजलं नाही. पण तिनं ते असं सांगितलं, जसं बाळंतपणात सुईण सांगते, आणि आपण करतो.

"सर," मी उठून उभी राहिले. "यांच्या बोटाला शाई आहे. यांचं मत सकाळीच झालंय. चिंधीखाली शाई आहे."

भागवत बाकावरून अर्धा उठला आणि तसाच परत बसला. लहू मात्र पूर्ण उठला.

"बघा. बघा यांचे धंदे," तो म्हणाला. "आख्खं घर तोडीला गेलंय आन् यांची मतं चाललीत. सर, पोलिसात द्या. सोडायचं नाही. मी लेखी देतो."

"बसा," वाघचौरे सर म्हणाले. ते माझ्या टेबलाशी आले, त्यांनी चष्मा सारखा केला आणि बोटाकडे पाहिलं. मग मांडीवरच्या चिंधीकडे. मग दाराबाहेर.

त्यांच्याबरोबर मीही पाहिलं. रांगेत उभ्या असलेल्या बायकांच्या डाव्या हातांवर चिंध्या होत्या. लाल, हिरव्या, एक तर नवीकोरी पांढरी. इतकी बोटं एका दुपारी कशी कापली गेली असतील.

"हवालदार," सर दारातूनच म्हणाले, वर्गात बोलतात तसे. "ज्यांच्या बोटाला लागलंय त्यांना पुढं घ्या. आधी आपण जखम बघू, मग मत. औषध आहे आपल्याकडं."

कुणीही पुढं आलं नाही. एका बाईनं दुसरीकडे पाहिलं. मग सगळ्यात मागची वळली, जणू चुलीवर काहीतरी ठेवून आली होती. तिच्यामागं दुसरी. फाटकाशी जाईपर्यंत त्यांनी चिंध्या सोडून टाकल्या होत्या, चालता चालताच, हात पदराआड घेऊन. थोड्या वेळानं शाळेच्या पटांगणात रंगीत तुकडे पडलेले होते आणि रांगेत कुणीच नव्हतं.

त्या जाणाऱ्यांतली एक वळण्याआधी दारातून लहूकडे वाकली होती. "म्हनलं होतं ना तुला, गळ्यात पडंल," ती त्याला ऐकू जाईल इतपत म्हणाली. चिंध्या दोन्ही पार्ट्यांच्या होत्या तर. लहू खाली बसला. लेखी देतो म्हणाला होता, ते पेन त्यानं खिशात ठेवलं.

"तुमचं काय, लिहून देताय ना?" सरांनी विचारलं.

"राहू द्या, सर. बाईमाणूस आहे."

सर माझ्यासमोरच्या बाईकडे वळले. "एका माणसाचं एक मत. परत या दारात दिसलात तर हवालदाराला सांगीन. चिठ्ठी इथं ठेवा आणि जा." मग भागवतकडे पाहून म्हणाले, "आणि घरच्यांनाही सांगा. घरचंच आहे म्हणता ना."

ती गेली. माझ्याकडे एकदाही न बघता. माझ्या बोटांना तिच्या हाताची ऊब अजून होती, आणि मला बाकावर डोकं ठेवून रडावंसं वाटत होतं. मी माझं काम केलं होतं. जिनं माझ्या मुलीला पाजलं, तिला मी भर गावात चोर ठरवलं होतं.

मतदान संपेपर्यंत मी आलेलं प्रत्येक बोट नीट पाहिलं. कुणीही चिंधी बांधून आलं नाही.

परतताना बसमध्ये मशीनच्या पेट्या पुढं, आम्ही मागं. सूर्य डोंगराआड जायला लागला होता. सासूबाईंनी जुईला माझ्याकडे दिलं आणि मी तिला पाजायला घेतलं. मग मी त्यांना सगळं सांगितलं. चिंधी, शाई, लहू.

सासूबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुला काही कळलंच नाही का गं?"

"काय कळायचं?"

"सकाळी पाजताना तिनं मला विचारलं, ती शाईवाली तुमची सून का? मी म्हटलं हो. म्हणाली, बोटं नीट बघती का समद्यांची, का नुसतीच रेघ ओढती? मी म्हटलं, माझी सून कणीक मळली तरी परात दोनदा पुसते. बोट बघितल्याशिवाय सोडणार नाही कुणाला. मग बरं, म्हणाली. तेवढंच."

बस वळणावर हेलकावली. मी जुईला घट्ट धरलं.

"तिची जाऊ ऊस तोडायला गेलीय," सासूबाई पुढं म्हणाल्या. "जाताना हिला बजावून गेली, माझ्या नावाचं बटण कुणी दाबलं तर तुलाच विचारीन. आणि दिरानं तिचीच चिठ्ठी हिच्या हातात दिली. दुपारी ये म्हणाला. नाही म्हटलं तर त्या घरात राहायचंय हिला. मग ही काय करणार?"

"हे तिनं तुम्हाला कधी सांगितलं?"

"तू हाकललंस त्यानंतर. मागच्या खिडकीशी आली. लेकरू झोपलंय का बघायला. हसत होती गं." सासूबाईही हसल्या. "म्हणाली, घरी काय सांगायचं ते मिळालं. मी तर चिंधी बांधून गेले होते, शाईवालीनंच सोडली, लई खडूस बाई होती, मी काय करू? आख्ख्या गावानं ऐकलंय."

सुरगाठ. न घासलेली शाई. मोठ्यानं बोला, ताई.

पुढच्या सीटवरून वाघचौरे सर मागं वळले. मला वाटलं होतं ते झोपलेत.

"मॅडम, एक सांगा," ते म्हणाले. "सकाळी त्या वर्गात गावाकडून काही घेतलं गेलं, असं माझ्या कानावर आलं."

सासूबाईंनी मान ताठ केली. "घेतलं. मी घेऊ दिलं. माझं नाव लिहा."

सरांनी जुईकडे पाहिलं. ती तोंड उघडं टाकून झोपली होती.

"अहवालात चहा-नाश्ता घेतला का, असं विचारतात," ते म्हणाले. "दुधाचं काही विचारत नाहीत." आणि पुढं वळून त्यांनी मफलर कानावर ओढला.

उरलेल्या उजेडात मी जुईच्या गालावरचा ठिपका पाहिला. सकाळपासून मी तो माझा समजत होते. पण माझ्या हाताची शाई पुसट होती आणि उजव्या अंगठ्याला होती. हा ठिपका दाट होता, एका बाजूनं ओघळलेला. जिथं पाजताना बाळाचा गाल बोटानं जरा दाबून धरतात, बरोबर तिथं. वाळू द्या म्हणून मी सांगितलं होतं. तिनं वाळू दिलं नव्हतं.

निवडून कोण आलं ते मी कधी विचारलं नाही. कवडदऱ्याला परत जाणंही झालं नाही. जुई आता दुसरीत आहे. पुढचा दात पडलाय, आणि गाल एकदम स्वच्छ आहे. पण तेव्हा तो ठिपका बरेच दिवस टिकला होता. मी तिला रोज अंघोळ घालायचे आणि त्या जागेवरून हात हलकेच न्यायचे.

शेजारच्या काकू एकदा तिला घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "तीट काळी लावतात गं. ही जांभळी कुठली?"

मी काही बोलायच्या आतच सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "कवडदऱ्याची आहे. पुसू नका."